डायनॅमोला तेल घालत नाहीत

माझी एक खोड आहे, आणि तिला घरातले सगळे वैतागलेत. फोनवर समोरच्याला धाप लागलेली ऐकू आली की मी त्याला पुढे बोलूच देत नाही. "थांब," म्हणते. "आहेस तिथे उभा राहा. दम खा. मग बोल." पेणहून रंगाचे डबे आणणारा टेम्पोवाला एकदा म्हणाला, "अहो वहिनी, जिना चढतोय, म्हणून धाप लागल्ये." म्हटलं, "जिना कुठे पळून जात नाही. थांबा." बिचारा मधल्या पायरीवर थांबला. त्याचा श्वास हळू होईपर्यंत मी नुसती ऐकत राहिले आणि मग विचारलं, सोनेरी आणलात का? आमचे हे हसतात. "सुरू झाल्या डॉक्टरीणबाई," म्हणतात. हसू देत. वाद घालायचं त्राण आता माझ्या अंगात नाही, निदान आषाढात तरी नाही.

आषाढात आमच्या जोह्यात दोन कामं एकदम अंगावर येतात. बाहेर खाचरात भाताची लावणी आणि आत कारखान्यात गणपती. कारखाना म्हणायचं आपलं, आहे ती शेडच. वर पत्रे, बाजूंना ताडपत्री, आणि पोरं दाटीवाटीने प्रार्थनेला उभी असावीत तशा मूर्ती. सकाळी कंबर वाकवून चिखलात रोपं लावायची, अंग धुवायचं, चार घास खायचे, की स्टुलावर बसून आखणी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाचा रंग, पितांबर, दागिने, सगळं झालं की शेवटी डोळे. आमच्या घरात ते काम माझं. सासूबाईंनी शिकवलं, त्या गेल्या आणि बारीक कुंचला माझ्या हातात राहिला. त्यांची एक रीत होती, ती मी अजून पाळते. एक डोळा काढला की दुसरा काढल्याशिवाय उठायचं नाही. घर पेटलं तरी नाही, असं त्या म्हणायच्या. एका डोळ्याने बघत बसलेला देव त्यांना सहन व्हायचा नाही.

परवा दुपारी तीनच्या सुमाराला वीज गेली. मी वरच्या रांगेतला एक मध्यम गणपती पुढ्यात घेऊन बसले होते. रंग फवारायचा कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला, पंखा दोन गिरक्या मारून गप्प झाला. आणि मग ती शांतता आली, जी मला अजिबात आवडत नाही. पत्र्यावर पाऊस, मागच्या खाचरातले बेडूक, एवढंच. दिवसाढवळ्या शेडमध्ये इतका काळोख की हातातला कुंचलासुद्धा नीट दिसेना. हे म्हणाले, "अगो, चार्जिंगचा बल्ब लाव." लावला. पण त्याआधी टेबलाचा खण उघडला आणि जुने कुंचले बाजूला सारून तो हँडलचा टॉर्च बाहेर काढला. दर पावसाळ्यात वीज गेली की मी तो काढते. कशाला काढते, असं आता कुणी विचारत नाही.

पिवळा प्लॅस्टिकचा टॉर्च आहे, मुठीत मावेल एवढा. कुशीला एक घडीचं हँडल. ते उघडायचं आणि गरागरा फिरवायचं, की आतला इवलासा डायनॅमो फिरतो आणि दिवा लागतो. खाली एक भोक आहे, त्यात वायर घातली की मोबाइलही चार्ज होतो. होतो म्हणजे काय, होतो असं म्हणायचं. एका दिवाळीला आप्पांनी, माझ्या वडिलांनी, तो मला दिला. लोकांच्या माहेरून साडी येते, माझ्या माहेरून टॉर्च. मी तोंड वाकडं केलं होतं. आप्पा म्हणाले, "हसू नको गो. साडी काय, दुकानात कवापण मिळल. उजेड दुकानात मिळत नाय."

आप्पा रोह्यात सायकली दुरुस्त करायचे. धाटावच्या रस्त्याला लागून घर, पुढच्या खोलीत दुकान. तेव्हा कंपन्यांत जाणारी निम्मी माणसं सायकलीने जायची. थंडीत पहिल्या पाळीची माणसं काळोखातच निघायची, आणि प्रत्येक सायकलीला मागच्या चाकाशी बाटलीएवढा डायनॅमो. त्याचं डोकं टायरला टेकवलं की चाकाबरोबर ते फिरायचं आणि पुढचा दिवा लागायचा. पाय जोरात तर दिवा झगझगीत, पाय दमला की दिवा पिवळा. आणि आवाज! घुंईऽऽ, घुंईऽऽ. आठ-दहा सायकली बरोबर गेल्या की खिडकीच्या काचा थरथरायच्या. गोधडीत पडल्या पडल्या मी त्या आवाजाने जागी व्हायचे आणि परत झोपायचे. बाहेर माणसं चालल्येत, सगळं ठीक आहे, असं काहीतरी वाटायचं तेव्हा.

नऊ वर्षांची असेन, एकदा मी शहाणपणा केला. बॉयलरवर काम करणारे म्हात्रेकाका सायकल दुकानात टाकून बाजारात गेले होते. आप्पा चहा प्यायला आत. मला वाटलं, ह्या डायनॅमोचा केवढा कर्कश आवाज येतो, बिचाऱ्याला कुणी तेलच घातलेलं नाही. तेलाचं पिचकारीवालं भांडं घेतलं आणि त्याच्या डोक्यावर चांगलं ओतलं. आवाज खरंच बंद झाला. मी खूश. दुसऱ्या दिवशी म्हात्रेकाका गुडघ्याला फडकं बांधून आले. काळोखात दिवा लागलाच नाही, सायकल सरळ गटारात गेली होती. आप्पांनी मारलं नाही. माझं बोट धरलं आणि टायरवर घासलं. "बघ, कसं बुळबुळीत झालंय. डायनॅमो घसरतोय, फिरत नाय. चेनला तेल घाल, अ‍ॅक्सलला घाल, डायनॅमोला कधी नाय. तो घासला पायजे. घासला तर फिरल, फिरला तर उजेड. गपचूप डायनॅमो म्हणजे बंद डायनॅमो. ध्यानात ठेव." ध्यानात ठेवलं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. सायकलवाल्याची पोर ना मी.

आणि तरीही.

ते वादळाचं वर्ष होतं. आमच्याकडे आजही वर्षं सांगताना वादळाच्या आधी, वादळाच्या नंतर असंच सांगतात. आधीच लॉकडाऊन, एसटी बंद, मूर्ती घ्यायला कुणी येईल की नाही त्याचा पत्ता नाही. त्यात जूनच्या सुरुवातीलाच एका सकाळी वारं सुटलं आणि दुपारपर्यंत आमचे निम्मे पत्रे खाचरात जाऊन पडले. कच्च्या मूर्ती भिजून लोळागोळा झाल्या. विजेचे खांब मुळासकट उपटलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. वीज यायला आमच्याकडे महिना लागला. पाच-सहा दिवसांनी फोनची रेंज आली, पण फोन चार्ज कशावर करायचा? आणि तेव्हा, इतकी वर्षं खणात पडलेला आप्पांचा टॉर्च मला आठवला.

त्या हँडलने माझे हाल केले. चुलीवर चहाला आधण येईपर्यंत फिरवलं की दोन वाक्यांपुरता फोन जागा व्हायचा. उजव्या हाताने फिरवायची सोय नव्हती. दंड भरून आला की हात थरथरतो, आणि थरथरत्या हाताने डोळे काढता येत नाहीत. म्हणून डावा हात. डावा खांदा तेव्हापासून दुखतो तो दुखतोच. निशा, माझी मुलगी, तेव्हा नुकतीच बारावी देऊन घरी होती, लावणीला आणि आईला सारखीच कंटाळलेली. तिला म्हटलं, तू फिरव थोडं, तर दहा फेऱ्यांत म्हणाली, "आई, माझा हात गेला." ह्यांनी फिरवला, पण तावातावाने, आणि हँडल तुटतंय की काय म्हणून मीच काढून घेतला. शेवटी माझ्या बापाचा टॉर्च आणि माझा हात.

विजेचं बटण दाबणारा माणूस बोलतो कसंही. हाताने वीज केली की शब्दाशब्दाला खांदा दुखतो. "आणखी काय विशेष" हे आपण किती वेळा म्हणतो ते मला त्या महिन्यात कळलं. मी म्हणायचं सोडून दिलं.

तिकडे रोह्यात आप्पांनी माझ्यावर ताण केली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात ते एकटेच, वय एकाहत्तर. दुकान जवळजवळ बंद. त्यांची आळी गावाच्या टोकाला, तिथेही खांब पडलेले. त्यांनी एक जुनी सायकल स्टँडवर चढवली, मागचं चाक अधांतरी. चाकाला डायनॅमो. समोर राहणारे लतीफभाई रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, त्यांनी एका पट्टीवर चार डायोड आणि आणखी काय काय जोडून दिलं, त्यातून मोबाइलची वायर. झालं! पाय मारा आणि फोन चार्ज करा. अख्खी आळी यायला लागली. बायका गाऊन वर खोचून पाय मारायच्या, म्हणे. आप्पा मला सांगताना इतके हसले की त्यांना ठसका लागला. "कंपनी काढलीय गो मी, वीज कंपनी. तीन शिफ्टमध्ये चालते."

पण त्यांचा स्वतःचा फोन जुना, बटणांचा. बॅटरी फुगलेली, नवी मिळायला दुकानं बंद. पाय थांबले की मिनिटाभरात फोन मेलाच. म्हणून माझ्याशी बोलताना ते सायकलवर बसलेले असायचे. रोज दुपारी चार वाजता. मी इकडे शेडच्या मागच्या दाराशी, तिथेच रेंज यायची, टॉर्च गुडघ्यांत धरून डाव्या हाताने हँडल फिरवत. ते तिकडे पाय मारत. दोघांची धाप आणि मधे त्यांच्या डायनॅमोची घुंईऽऽ. ओरडून बोलावं लागायचं.

"जेवलीस का गो?"

"जेवले. तुम्ही?"

"व्हय. डोळे किती झाले?"

"आज अकरा."

"बस झाले. हात सांभाळ."

एवढंच. ह्याच्यापेक्षा जास्त आम्हा दोघांच्या अंगात बसत नव्हतं. आणि खरं सांगू का, इतकं नीट आम्ही आधी कधी बोललोच नव्हतो. त्याआधी विजेवरच्या फोनवर आठवड्यातून एकदा, तेही टीव्ही बघत बघत.

मी त्यांना विचारायचे, "आप्पा, येऊ का?" जोहे ते रोहे काही परदेश नाही. ह्यांच्या मोटरसायकलने झाडं चुकवत तीन तासांत पोचले असते. पण गावाने ठरवलं होतं, जो बाहेर जाईल त्याने परत आल्यावर चौदा दिवस शाळेत राहायचं. आणि आखणी करणारी मी एकटी. वादळातून वाचलेल्या मूर्ती तेवढ्या उरल्या होत्या, त्यांच्यावर वर्ष काढायचं होतं. आप्पांना हे सगळं माहीत. म्हणायचे, "येऊन काय करशील? शाळेत जाऊन बसशील, आणि तुझे गणपती बिनडोळ्यांचे र्‍हातील. मला काय धाड भरलीय?" मी म्हणायचे, दोन दिवसांनी बघते. दोन दिवसांनी परत, दोन दिवसांनी बघते.

मग तो सोमवार आला. त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता, ताडपत्री तीन ठिकाणी गळत होती आणि माझ्या खांद्यात अशी कळ होती की केस विंचरायला हात वर जात नव्हता. चार वाजायला आले तेव्हा माझा एका गणपतीचा उजवा डोळा काढून झाला होता आणि डावा राहिला होता. रीत मोडून उठले, कारण उशीर झाला तर आप्पा सायकलवर ताटकळत बसतील. फोन लावला.

आप्पांनी उचलला. धाप नेहमीसारखीच, जरा जास्तच. पण घुंई नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज शेजारी बसल्यासारखा आला. मला केवढं बरं वाटलं! ओरडायला नको, दोनदा विचारायला नको.

"आप्पा! आज किती स्वच्छ ऐकू येतंय! सायकलवरच आहात ना?"

"व्हय... सायकलवरच हाय."

"मग तो आवाज कुठे गेला?"

थोडा वेळ नुसता श्वास. मग म्हणाले, "तेल घातलाय गो."

आणि मी म्हणाले, "बरं केलंत."

बरं केलंत! हे दोन शब्द मी किती वेळा तोंडात घोळवलेत, त्याला मोजदाद नाही. नऊ वर्षांच्या मला कळलं असतं. माझं टायरवर घासलेलं बोट म्हणालं असतं की अगो, डायनॅमोला तेल? आप्पांनी? पण मी त्या दिवशी इतकी दमले होते की समोर आलेला आराम मी मुकाट्याने उचलला. उलट मीच बोलत सुटले. ताडपत्री गळते, हे काही बघत नाहीत, निशा उलट बोलते, खांदा दुखतो. आप्पा ऐकत होते. मध्ये मध्ये हुंकार द्यायचे, तोही तुटका. शेवटी म्हटलं, "आप्पा, किती धाप लागल्ये तुम्हाला. उतरा आता सायकलवरून."

"उतरतो."

"आणि ठेवते मी. एक डोळा राहिलाय माझा."

"काढ, काढ. देव खोळंबलाय," ते म्हणाले.

मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच, फक्त बोलणं आणखी कमी. गुरुवारी चार वाजता फोन त्यांनी उचलला नाही. मी हँडल फिरवत राहिले. पाचला लतीफभाईंचा आला.

"सुमन, मी लतीफ. आप्पांना दवाखान्यात नेलाय. श्वास घेता येत नव्हता. मी जातो चहा घेऊन, तर पलंगावर बसलेले, भिंतीला टेकून. बोलता येईना."

मी म्हटलं, "अहो, पण काल तर सायकल चालवत होते!"

लतीफभाई म्हणाले, "सायकल? आळीत लाईट सोमवारी सकाळीच आली. त्यांचा फोन तेव्हापासून भिंतीच्या पिनवर हाय. सायकल तर कोपऱ्यात ठेवलीय मी, माझ्या हाताने."

म्हणजे तीन दिवस माझा बाप पलंगावर बसून धापा टाकत होता आणि मला सांगत होता की सायकलवर आहे. धापेला सबब हवी होती, ती त्यांच्याकडे तयार होती. मी गेले. हे कसलेही आढेवेढे न घेता मला घेऊन गेले. दवाखान्यात आत सोडलं नाही, काचेतून लांबूनच. शनिवारी सकाळी आप्पा गेले. तपासणीत जे यायचं होतं ते आलं, आणि मग बाकीचं सगळं दुसऱ्यांनीच केलं, नखशिखांत झाकलेल्या माणसांनी. मला जवळ जाता आलं नाही. परत आल्यावर ज्या चौदा दिवसांना घाबरून मी गेले नव्हते, ते चौदा दिवस शाळेत काढलेच. निशा दाराबाहेर डबा ठेवून जायची. आणि तेवढे दिवस माझे सगळे गणपती शेडमध्ये बिनडोळ्यांचे उभे होते. कुणाचं काही अडलं नाही. बाहेर आल्यावर बसले आणि चतुर्थीच्या आत सगळे डोळे काढले. म्हणजे जाऊन येणं जमत होतं. सोमवारी गेले असते तरी जमलं असतं.

हे म्हणतात, "म्हातारा माणूस, अंगात ताप, तोंडाला आलं ते बोलले. कशाला उकरून काढतेस?" लतीफभाई म्हणतात, तुला बोलवायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलेलंच होतं, तू कसंही विचारलं असतंस तरी खोटंच बोलले असते. असेल. पण जे जन्मभर लोकांना सांगत आले, डायनॅमोला तेल घालू नका, त्या माणसाच्या तोंडून नेमकं तेच खोटं का बाहेर यावं? पाऊस आहे म्हणून आवाज येत नसेल, लाईन सुधारली असेल, काहीही म्हणता आलं असतं. कधी वाटतं, "ये" असं त्यांना तोंडाने म्हणवेना, म्हणून त्यांनी मला कळेल अशा भाषेत सांगून बघितलं. एकदाच. आणि मी म्हणाले, बरं केलंत.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला वाटतं, मी ऐकलं होतं. कुठेतरी खटकलं होतं. पण खटकलं तर उठावं लागलं असतं, म्हणून मी ते खटकू दिलं नाही. दमलेल्या माणसाला लोक क्षमा करतात. मलाही सगळ्यांनी केली. मी स्वतःला केलेली नाही, आणि आता तो प्रयत्नही सोडलाय.

तर परवाची गोष्ट. वीज गेलेली, बल्बच्या उजेडात मी त्या मध्यम गणपतीचा उजवा डोळा काढून संपवला. फोनमध्ये चार्जिंग भरपूर होतं, शेजारी पॉवर बँकही होती. तरी कुंचला पाण्यात बुडवता बुडवता माझा डावा हात गुडघ्यांत धरलेल्या टॉर्चचं हँडल फिरवत होता. सवय. तेवढ्यात फोन वाजला. निशा. ती आता धाटावला एका कंपनीत लॅबमध्ये आहे आणि रोह्यात आप्पांच्याच घरात राहते. सकाळची शिफ्ट झाली की चारला फोन करते. वेळ तिची ती ठरली, मी सांगितलेली नाही.

उचलला तर धाप. मोठमोठी.

"थांब," म्हटलं. "निशा, आहेस तिथे थांब. दम खा आधी."

"आई, थांबले तर फोन बंद पडेल!"

"काय?"

"अगं, इकडे सकाळपासून लाईट नाय. पॉवर बँक कंपनीत विसरले, आणि हा फोन हल्ली थोडं पण चार्जिंग धरत नाय. मग आप्पांची सायकल काढली कोपऱ्यातून. लतीफचाचांनी वायर बघून दिली. चालू झाली की! ऐक, ऐक."

तिने फोन बहुतेक खाली, चाकाकडे धरला. घुंईऽऽ. घुंईऽऽ. इतक्या वर्षांनी. पत्र्यावरचा पाऊस, बेडूक, कशाकशाला न जुमानता तो आवाज माझ्या कानात शिरला आणि मला रडूच फुटलं. हे पलीकडे पितांबर रंगवत होते, त्यांनी मान वर करून बघितलं आणि मुकाट्याने परत खाली घातली.

"ऐकलंस? बाप रे, पायाचा भुगा झाला माझ्या. आप्पा कसे बोलायचे गं ह्याच्यावर बसून? आणि किती कर्कश आहे हा! कानठळ्या बसतात. खणात तेलाचं भांडं आहे, घालू का जरा?"

माझा डावा हात हँडलवर थांबला.

"नको," म्हटलं. "अजिबात नको घालू."

"अगं, पण तुला माझं बोलणं ऐकू येत नसेल."

"नाही आलं तर नाही आलं. तू वाजू दे ते. पाय मार गो बाय. मी आहे फोनवर."

ती हसली, काहीतरी बोलली, ते घुंईत बुडालं. मग ती नुसती पाय मारत राहिली. तिची धाप ऐकू येत होती, आणि धापेच्या खाली चाक फिरत होतं. मी स्टुलावरून उठले आणि फोन कानाला घट्ट धरून मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. पाठीमागे गणपतीचा डावा डोळा राहिला होता. मी तो राहू दिला.